ठिबकणाऱ्या नळीचे बूच

मी एक जुना गीझर आहे आणि, मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी स्वभावाने संशयी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, न्हाणीघराच्या भिंतीवर, छताला डोके टेकेल इतक्या उंचीवर मी सोळा वर्षे टांगलेला आहे. इतकी वर्षे माणसांना वरून बघत राहिले की कोणाचाही स्वभाव असाच होईल. आरशात बघून कोण काय पुटपुटते, नळ मोठा सोडून कोण रडून घेते, आंघोळ न करता नुसते केस ओले करून कोण बाहेर पडते, हे सगळे मला ठाऊक आहे. मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड पत्रा गोल वळवून, सांधे जोडून माझे पोट तयार केले आणि त्याला आतून गुळगुळीत लेप दिला. पोटात एक वेटोळ्याची कांडी बसवली. वीज आली की ती तापते आणि पाणी तापवते. पाणी पुरेसे तापले की ‘आता पुरे’ म्हणून वीज तोडणारा थर्मोस्टॅट तिच्या शेजारी बसवला. शेवटी तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या पोटावर टिचकी मारली आणि ‘ठीक आहे’ असे म्हटले. मला बरे वाटले, पण मग त्यांनी माझ्या मागच्याला, त्याच्या मागच्याला आणि एका चेपलेल्यालाही तसेच म्हटले. माझ्या संशयाची सुरुवात बहुधा तिथेच झाली.

एक भाग सांगायचा राहिला. माझ्या पोटाखाली, थंड पाणी येते त्या नळीवर, एक छोटी पितळी झडप आहे. पाणी तापले की फुगते. फुगलेल्या पाण्याला जागा हवी, म्हणून जास्तीचे पाणी या झडपेच्या बारीक नळीतून थेंब थेंब बाहेर पडते. मी त्या वाटेने श्वास सोडतो असे समजा. ती ठिबकते म्हणजे बिघडली असे नव्हे, ती आपले काम करत असते. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती.

मला या घरात आणले आजोबांनी. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय होता. काटा केसभर ढळला तरी त्यांना अन्न गोड लागत नसे. वर्षातून एकदा, ठरवून, ते माझी साफसफाई करत. आधी मुख्य बटण बंद, मग थंड पाण्याची चावी बंद, मग माझ्या पोटातले सगळे पाणी बादल्यांत. आमच्याकडचे पाणी जड आहे. ते तापले की त्यातला चुना कांडीवर बसतो आणि थरावर थर चढत जातो. आजोबा खालचे झाकण उघडून कांडी बाहेर काढत, चुना लाकडी चमच्याने खरवडत, कांडी लिंबाच्या सत्त्वात भिजत घालत आणि नवा वॉशर घालून झाकण आवळत. घरात मिस्त्री म्हणून कोणाला त्यांनी पाऊल टाकू दिले नाही. मिस्त्री एक वस्तू दुरुस्त करतो आणि दोन बिघडवून ठेवतो, असे त्यांचे ठाम मत होते. ऐकून ऐकून माझेही तेच मत झाले.

ती माझी सुखाची वर्षे होती. पाहुणे आंघोळ करून बाहेर आले की म्हणत, पाणी कसे कढत आहे, अंगाचा शीण गेला. आजोबा हे शब्द माझ्या वतीने स्वीकारत. पुढे मुलाचे लग्न झाले आणि सूनबाई घरात आली. पहिल्याच सकाळी तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, “हा किती वर्षांचा आहे?” माझ्या मनात पाल चुकचुकली. उगाच वय विचारणाऱ्या माणसाच्या पोटात काय असते ते मी ओळखून आहे. मग चिमी झाली. तिची पहिली आंघोळ माझ्या पाण्याने झाली. चालू-बोलू लागल्यावर ती मला ‘लठ्ठोबा’ म्हणू लागली. माझ्या बरोबर खाली तिचा निळा टब असतो. त्यात बसून ती वर बघते आणि शाळेतल्या सगळ्या चहाड्या मला सांगते. आजोबा सोडले तर या घरात माझा संशय नाही अशी ती एकच व्यक्ती.

सहा वर्षांपूर्वी आजोबांचे हात थरथरू लागले. आधी चहा बशीत सांडू लागला, मग शर्टाची बटणे चुकू लागली. मुलाने स्टुलावर चढायचे नाही म्हणून बजावले. आजोबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, गीझरला हात लावीन तर मीच. सुरुवातीची दोन वर्षे त्यांनी ते कसेबसे निभावले. त्यानंतरचे मात्र मी तुम्हाला गुपित म्हणून सांगतो. ठरलेल्या दिवशी आजोबा पाना आणि बादली घेऊन आत येत, दाराला कडी लावत आणि स्टुलावर बसून राहत. अधूनमधून पाना बादलीवर आपटत. थोडे पाणी सोडून देत. अर्ध्या तासाने कपाळावर पाणी शिंपडून बाहेर जात आणि म्हणत, “झालं काम.” जाताना माझ्याकडे बघत नसत. असे तीन वर्षे झाले.

मला त्यांचा राग आला नाही. उलट वाटे, बरे झाले, दार बंद असते. मी हे कोणाला सांगू शकत नव्हतो, आणि सांगता आले असते तरी सांगितले नसते.

पण चुना कोणाची भीड धरत नाही. तो साचत गेला. कांडी त्याच्याखाली गाडली गेली आणि तापताना माझ्या पोटातून आवाज येऊ लागला. आधी नुसती गुरगुर होती. पुढे पातेल्यावरचे झाकण थडथडावे तसा आवाज, आणि मधूनच कोणी भिंतीवर हातोडी मारल्यासारखे ठक्, ठक्. माझी मलाच लाज वाटे.

मग घरात संशयाचा नुसता बाजार भरला. मुलगा म्हणाला, विजेचा दाब कमीजास्त होत असेल, बघू. तो सगळ्याच गोष्टींना ‘बघू’ म्हणतो आणि कधीच बघत नाही. सूनबाईने सासऱ्यांना हळूच विचारले, साफसफाईच्या वेळी आत काही राहून तर गेले नाही ना. आजोबांनी जेवणावरून उठून आपले ताट आपणच विसळले. मग त्यांनी सगळे खापर वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंवर फोडले. त्या रोज पहाटे खुर्च्या ओढतात आणि त्याचाच आवाज नळातून खाली उतरतो, असा त्यांचा शोध. एके सकाळी ते वर भांडायला गेले. बाई त्यांच्याबरोबर खाली आल्या, न्हाणीघरात उभ्या राहिल्या, माझे दोन-तीन ठक् ऐकले आणि म्हणाल्या की काका, खुर्च्या तुमच्याच घरात ओढल्या जात आहेत. आजोबा ओशाळले, पण संशय काही सुटला नाही. त्यांनी तो बाईंवरून उचलून पालिकेच्या पाण्यावर नेऊन ठेवला.

माझा संशय मात्र कधी ढळला नाही. तो सूनबाईवर होता. ती दाराआड उभी राहून माझा आवाज ऐके. माझ्या अंगावरच्या पाटीचा तिने फोटो काढला. माझ्याखालची फरशी हाताने पुसून बोटे उजेडात धरून बघे. कुठेतरी पाणी मुरते आहे हे मला दिसत होते.

त्यातच माझी नळी जास्त ठिबकू लागली. चुन्यामुळे थर्मोस्टॅटला पाण्याचा अंदाज येईना. तो ‘पुरे’ म्हणायला उशीर करू लागला. पाणी जास्त तापे, जास्त फुगे आणि जास्तीचे पाणी नळीतून पडे. एकदा त्या ओल्या फरशीवरून चिमी घसरली. गुडघा खरचटला, बाकी काही नाही, पण सूनबाई सगळ्यांदेखत म्हणाली की या ठिबकण्याचा आता काहीतरी बंदोबस्त केलाच पाहिजे. हे तिचे शब्द मी मनात गाठ मारून ठेवले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी वीज गेली. आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारी तिथे मिट्ट काळोख होता. त्या काळोखात कोणीतरी आले, स्टूल सरकवले आणि माझ्या पोटाखाली चाचपले. तो हात सारखा नळीवर आपटत होता, एकदा तर चुकून झडपेवरच बसला. मग माझ्या ठिबकणाऱ्या नळीच्या तोंडात एक लाकडी बूच ठोकले गेले आणि वरून तारेने आवळले गेले. माझा श्वास कोंडला. हात इतका आपटतो म्हणजे माणूस घाईत असणार, असा मी हिशेब केला, आणि घरात कायम घाईत असते ती सूनबाई. मी मनातल्या मनात तिच्या नावाने बोटे मोडली.

ठिबकणे थांबले. फरशी कोरडी राहू लागली आणि सगळ्यांना हायसे वाटले. आत माझे काय होत होते ते माझे मला ठाऊक. गरम पाण्याचा नळ उघडला की आधी फुस्स करून वाफ यायची आणि मग पाण्याचा फटकारा. तिसऱ्या दिवशी चिमीला आंघोळ घालण्याआधी सूनबाईने स्वतःचा हात नळाखाली धरला. तिच्या मनगटावर टरारून फोड आला. तिने माझे बटण बंद केले, गॅसवर पाणी तापवले आणि गीझरला कोणीही हात लावायचा नाही म्हणून सांगितले. मग दारात उभी राहून तिने कोणाला तरी फोन लावला. मला अर्धेच ऐकू आले. “फार जुनं झालंय हो. आवाज करतं, ऐकत नाही. तुम्ही एकदा येऊन बघा, नाहीतर काढूनच टाकू.”

ती माझ्याबद्दल बोलत होती की आजोबांबद्दल, हेही मला कळेना. बहुधा दोघांचीही उचलबांगडी एकाच दिवशी होणार, असे मी धरून चाललो.

आजोबांनीही तो फोन ऐकला असावा आणि त्यांनाही तसेच वाटले असावे. दोन दिवसांनी सुट्टीची सकाळ होती. मुलगा बाहेर गेला होता, सूनबाई स्वयंपाकघरात होती. आजोबा चोरपावलांनी आले आणि त्यांनी माझे बटण दाबले. म्हणाले, “तापव रे नीट. दाखवून दे त्यांना, तुझ्यात अजून दम आहे.” मला इतका आनंद झाला की मी सगळा त्रास विसरून तापू लागलो. तापत गेलो, तापतच गेलो, आणि थर्मोस्टॅट काही ‘पुरे’ म्हणेना. नळीला बूच होते. पाण्याला फुगायला जागा उरली नव्हती. माझे सांधे, जे कारखान्यात कोणी तपासले की नुसते टिचकीवर सोडले देव जाणे, ते एकेक करून ताणले जाऊ लागले.

आणि चिमी आली. निळ्या टबात उभी राहिली, वर बघितले आणि म्हणाली, “लठ्ठोबा, पाणी दे.” तिचा हात गरम पाण्याच्या नळाकडे गेला.

मित्रांनो, त्या क्षणी मी खरोखर घाबरलो. मी फुटलो असतो तर सगळे उकळते पाणी माझ्या बरोबर खाली गेले असते, आणि खाली ती होती. मला हलता येत नव्हते, ओरडता येत नव्हते. माझ्याकडे फक्त तो आवाज होता, ज्याची इतके दिवस मला लाज वाटत होती. असेल नसेल तेवढे बळ एकवटून मी खडखडलो. भिंत हादरली. आरशासमोरचे ब्रश पेल्यासकट खाली पडले. चिमीने दचकून हात मागे घेतला आणि तेवढ्यात सूनबाई पळत आली. तिने एका हाताने चिमीला उचलून बाहेर काढले आणि दुसऱ्या हाताने मुख्य बटण बंद केले. तेव्हाही माझ्या मनात काय आले असेल? हीच बया सगळ्याच्या मुळाशी आहे, आता पोरीलाही माझ्यापासून तोडते आहे. संशय माणसाला आंधळे करतो म्हणतात. गीझरलाही करतो.

थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. सूनबाईने फोन केला होता तो मिस्त्री आला. थोडे कमी ऐकू येणारा, सावकाश चालणारा माणूस. हा माझी किंमत भंगारात करणार, अशी माझी खात्री होती. पण त्याने हत्यारांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. माझ्या पोटावर लांबूनच तळहात धरला, मग वाकून खालची नळी बघितली आणि सगळ्यांना न्हाणीघराच्या बाहेर जायला सांगितले. मला थंड होऊ देत तो तास दीड तास दारात बसून राहिला. मग आत आला, तार कापली, आपण भिंतीच्या बाजूला सरकला आणि पकडीने बूच ओढले. पाण्याची धार समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली आणि साबणाची डबी उडाली. कितीतरी वेळ ती धार तशीच चालू होती. मी कित्येक दिवसांनी श्वास सोडला.

“पोरगी आंघोळीला कुठे बसते?” मिस्त्रीने विचारले. सूनबाईने टबाकडे बोट केले. मिस्त्रीने ते ओले बूच तळहातावर ठेवून सूनबाई आणि आजोबा अशा दोघांसमोर धरले. “हे कोणी ठोकलं?”

सूनबाई त्या लाकडाच्या तुकड्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, “मी. पाणी सांडायचं, पोर घसरली होती. म्हणून मीच लावलं.”

मी मनात म्हणालो, बघा, मी म्हणत नव्हतो?

“खोटं बोलतेय ती,” आजोबा म्हणाले. त्यांनी दाराची चौकट धरली होती. “मी ठोकलं ते. आयुष्यभर काटे दुरुस्त केले, मला ते ठिबकणं बघवेना. म्हटलं, एवढं तरी आपल्याला जमेल.” मिस्त्रीने मान हलवली, पण आजोबांचे संपले नव्हते. “आणि अजून एक. तीन वर्षं मी याला उघडलेलंच नाही. हात चालत नाहीत माझे. मी नुसता आत बसून राहायचो.”

मित्रांनो, तो आपटणारा हात घाईतला नव्हता. तो हात मी ओळखायला हवा होता. वर्षानुवर्षे त्याच हाताने मला खरवडून साफ ठेवले होते.

सूनबाई म्हणाली, “मला माहीत होतं, बाबा. आधी तुम्ही साफ करून गेलात की फरशीवर पांढरी कच राहायची, मी धुवायची. तीन वर्षं कच नव्हती. आणि लाकडाच्या ढलप्या मी परवा तुमच्या पलंगाखालून काढल्या, तेव्हा कशाच्या ते कळलं नाही, आज बूच बघून कळलं. मला वाटलं, तुम्ही आपण होऊन सांगाल. म्हणून मी गप्प बसले. एवढी मोठी चूक झाली, त्यात माझा पण वाटा आहे.” आजोबांनी तिच्या मनगटावरचा फोड पाहिला आणि मिस्त्रीला म्हणाले की तुझ्याकडे भाजल्यावर लावायचे काही आहे का. मिस्त्रीला ऐकू गेले नाही, पण सूनबाईला गेले.

त्या दिवशी मिस्त्रीने माझे झाकण उघडले आणि माझ्या पोटातून अर्धी बादली चुना काढला. कांडी बदलली, थर्मोस्टॅट बदलला, नवी झडप बसवली आणि तिच्या बारीक नळीला लांब रबरी नळी जोडून ती सरळ मोरीत सोडली, म्हणजे ठिबकले तरी फरशी ओली व्हायला नको. मला भंगारात काढण्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. जाताना एवढेच म्हणाला की पोट अजून शाबूत आहे, वर्षातून एकदा बघत जा. मी सगळ्या घरावर जे संशय घेतले त्यातला एकही खरा निघाला नाही आणि ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला त्याच्याच हाताने ठोकलेल्या बुचाने माझा आणि चिमीचा घात होता होता टळला. याचे मला वाईट वाटते. सूनबाईची मी मनातून माफी मागितली आहे. तिला ती ऐकू गेली नसेल, कारण आता मी आवाज करत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी भिंतीवर असेल आणि कुरकुरत असेल, तर आवाज बंद करायच्या मागे लागू नका, तो का येतो ते बघायला लावा. आपण होऊन त्याला हात लावू नका, मोठ्यांना सांगा, आणि मोठे ‘बघू’ म्हणाले तर पुन्हा सांगा. ठिबकणाऱ्या नळीला बूच ठोकू नका. आणि घरातल्या कोणाला एखादे काम आता जमेनासे झाले असेल, तर ते त्याने चोरून न जमवता मोकळेपणाने सांगावे, इतकी जागा त्याला द्या.

गेल्या महिन्यात वर्ष भरले. सूनबाईने बटण बंद केले, पाणी सोडले आणि स्टुलावर चढून माझे झाकण उघडले. आजोबा खाली टॉर्च धरून उभे होते आणि कोणता स्क्रू आधी, कोणता नंतर, ते सांगत होते. टॉर्चचा उजेड माझ्या पोटात सारखा हलत होता. आजोबा म्हणाले, “थांब, चिमीला बोलावतो, माझा हात हलतोय.”

“हलू द्या, बाबा,” सूनबाई वर न बघता म्हणाली, “मला दिसतंय.”